दोन याद्यांची गोष्ट

४ मार्च २०२४ ला स्टेट बँकेने सुप्रीम कोर्टात एक अर्ज केला. वरवर पाहता अगदी रुक्ष अर्ज. निवडणूक रोखे कोणी विकत घेतले आणि कोणत्या पक्षाने ते वटवले, ही माहिती ६ मार्चपर्यंत निवडणूक आयोगाला द्या असा कोर्टाचा हुकूम होता. बँकेचं म्हणणं, आम्हाला ३० जूनपर्यंत वेळ द्या. कारण काय? तर एप्रिल २०१९ पासून निकालाच्या तारखेपर्यंतचे २२,२१७ रोखे, त्यांच्या खरेदीच्या नोंदी एकीकडे, वटवल्याच्या नोंदी दुसरीकडे. दोन्ही मिळून ४४,४३४ नोंदी, आणि त्या एकमेकींशी जुळवायच्या म्हणजे फार वेळखाऊ काम.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून हसू आवरणं कठीण. चव्वेचाळीस हजार ओळी म्हणजे डेटाबेसच्या हिशेबात चिल्लर. दोन टेबलं, दोन्हीत एक सामायिक क्रमांक, आणि एक ‘जॉइन’. आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या पोराला सांगितलं तर चहा गार व्हायच्या आत करून देईल. :-)

पण हसून झालं की दुसरा प्रश्न येतो. या दोन याद्या मुळात वेगळ्या ठेवल्याच का होत्या? कोणाच्या हलगर्जीपणामुळे तसं झालं नव्हतं. त्या एकमेकींना भेटू नयेत, यासाठीच ती सगळी योजना आखली होती.

या विषयावर गेले काही महिने जमेल तसं वाचतोय. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. राजकीय पक्षांच्या देणग्यांचे आपल्याकडचे कायदे १९५६ पासून किती वेळा बदलले त्याची गणती ठेवणं अवघड आहे. कधी मर्यादा, कधी बंदी, कधी सूट, कधी रोखे. पण दर वेळी खरी ओढाताण एकाच गोष्टीवरून झालेली दिसते. कोणी दिले ही एक यादी, कोणाला मिळाले ही दुसरी. या दोन याद्या शेजारी ठेवून बघायचा हक्क कोणाला? (तिसरीही एक यादी असते, त्या बदल्यात काय मिळालं याची. तिच्याकडेही येऊ.)

थोडं मागून सुरुवात करतो. चळवळीसाठी वर्गणी मागणं मराठी माणसाला काही नवीन नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडून ‘पैसा फंड’ उभा केला, टिळकांनी तो उचलून धरला आणि त्यातून तळेगावचा काच कारखाना निघाला. टिळक गेल्यावर १९२१ साली बेजवाड्याला काँग्रेसने टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचं ठरवलं. मुदत ३० जून. त्या काळचे एक कोटी! तरी जमले. त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता, आणि चार आणे, आठ आणे देणाऱ्यांचाही होता. काँग्रेसचे खजिनदार होते वर्ध्याचे जमनालाल बजाज, म्हणजे स्वतः मोठे व्यापारी.

म्हणजे धनिकांचा पैसा राजकारणात तेव्हाही होताच. फरक एवढाच की घेणाऱ्याच्या हातात परत देण्यासारखं काही नव्हतं. काँग्रेसला वर्गणी दिली म्हणून १९२१ मध्ये कोणाला परवाना मिळत नव्हता, झालाच तर सरकारी रोष व्हायचा. १९४७ नंतर हे उलटं झालं. तोच पक्ष आता सरकार होता. कारखाना काढायला परवाना, वाढवायला परवाना, आयातीला परवाना. आता देणगी आणि परवाना एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आले.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात उमेदवाराने किती खर्च करायचा याचे नियम होते. पक्षाने पैसे कुठून आणायचे याबद्दल कायदा गप्प होता. १९५६ चा कंपनी कायदाही या बाबतीत गप्प. आणि इथे आपली गोष्ट मुंबई हायकोर्टात येते.

टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला पक्षांना देणग्या द्यायच्या होत्या. पण कंपनी म्हणजे काही व्यक्ती नव्हे. तिच्या घटनापत्रकात जे उद्देश लिहिलेत त्यांसाठीच तिला पैसे खर्च करता येतात. म्हणून कंपनीने घटनापत्रकात तशी दुरुस्ती करायला मंजुरी मागितली. एका भागधारकाने विरोध केला आणि प्रकरण १९५७ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागलांच्या खंडपीठापुढे आलं. छागलांनी मंजुरी दिली, कारण कायद्यात मनाई नव्हती. पण देताना त्यांनी आपल्या मनाची अस्वस्थता लपवली नाही. लोकशाहीत एका माणसाला एक मत; मोठ्या कंपन्यांच्या थैल्या मोकळ्या सुटल्या तर या हिशेबाला काय अर्थ उरणार, असा त्यांचा रोख होता. हा धोका आज लहान दिसला तरी उद्या वाढेल, संसदेने यात लक्ष घालावं, असं ते निकालपत्रात सांगून गेले.

(हे तेच छागला, ज्यांनी पुढच्याच वर्षी मुंदडा प्रकरणाची चौकशी केली. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर का घेतले, याची सुनावणी त्यांनी मुंबईत सगळ्यांसमोर उघड्यावर घेतली. गर्दी इतकी की बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले. चौकशी २४ दिवसांत संपली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना राजीनामा द्यावा लागला. आजच्या चौकश्यांचा वेग बघता हे परीकथेसारखं वाटतं. असो.)

संसदेने लक्ष घातलं. १९६० मध्ये कंपनी कायद्यात २९३ए हे कलम आलं. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, मर्यादा: वर्षाला २५,००० रुपये किंवा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पाच टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. दोन, कंपनीने आपल्या नफा-तोटा पत्रकात लिहायचं की किती दिले आणि कोणत्या पक्षाला दिले. माझ्या मते ही दुसरी अट जास्त मोलाची. देणारा आणि घेणारा एकाच ओळीत, कोणत्याही भागधारकाला वाचता येईल अशा कागदावर. जॉइन करायची गरजच नाही!

या काळातली एक हकीकत मला फार आवडते. १९५९ मध्ये राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला. परवाना-राज्याला उघड विरोध करणारा पक्ष. मुंबईचे मिनू मसानी त्यातले मोठे नेते. १९६१ साली, निवडणूक वर्षभरात आहे हे माहीत असताना, जे. आर. डी. टाटांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून कळवलं की आमचा उद्योगसमूह काँग्रेसला देणगी देत आलाय, देईलही, पण देशाला चांगला विरोधी पक्ष हवा म्हणून आम्ही स्वतंत्र पक्षालाही देणार आहोत. नेहरूंनी उत्तर दिलं की तुम्हाला तसं करायचं पूर्ण स्वातंत्र्य आहे, फक्त स्वतंत्र पक्ष खंबीर विरोधक होईल असं मला वाटत नाही. झालं, विषय संपला. हे पत्र लक्षात ठेवा, कारण पुढे सरकार आपल्याला सांगणार आहे की देणगीदाराचं नाव गुप्त ठेवलं नाही तर त्याची धडगत नाही.

१९६४ मध्ये भ्रष्टाचारविषयक संथानम समितीने शिफारस केली की कंपन्यांच्या देणग्या पूर्ण बंद करा. समितीचा हेतू शुद्ध होता. पण शिफारस अमलात आली ती वेगळ्याच हवेत. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला अनेक राज्यांत मार बसला, आणि लोकसभेत स्वतंत्र पक्ष ४४ जागा घेऊन सगळ्यात मोठा विरोधी पक्ष झाला. १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर सरसकट बंदी घातली. मोडणाऱ्या अधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. पैसेवाल्यांचा राजकारणावरचा प्रभाव संपला म्हणून टाळ्याही पडल्या असतील.

पण विचार करा, निवडणुकीचा खर्च बंद झाला का? जीपा, पोस्टरं, कार्यकर्त्यांचा चहा-वडा बंद झाला का? सरकारने त्याची दुसरी सोय केली का? नाही. मग पैसा आला कुठून? तर तिथूनच, फक्त पत्रकातून न येता ब्रीफकेसमधून. दुसरी वाट होती स्मरणिकांची. पक्षाच्या अधिवेशनाची जाडजूड स्मरणिका काढायची, तिच्यात कंपन्यांच्या पानभर ‘शुभेच्छा’ घ्यायच्या. ती स्मरणिका वाचली कोणीच जात नसे. कागदावर ती जाहिरात, आत देणगी.

याचा सगळ्यात जास्त फटका कोणाला बसला असेल? सत्तेत असणाऱ्याला ब्रीफकेस देण्यात धंदेवाल्याचा काहीतरी फायदा असतो. सत्तेत नसणाऱ्याला चोरून पैसे देऊन काय मिळणार? १९६९ नंतर स्वतंत्र पक्षाचा उघड आधार गेला, आणि १९७१ च्या निवडणुकीत तो ४४ वरून ८ वर आला. फक्त बंदीमुळे असं मी म्हणणार नाही, ती इंदिरा लाट होती. पण बंदीने मदत नक्कीच केली नाही.

पुढे १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सांगितलं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरायचा, नाहीतर खर्चाच्या मर्यादेला अर्थ काय? निकाल ऑक्टोबरमधला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला की पक्षाचा खर्च धरायचा नाही! म्हणजे येणारा पैसा दिसत नव्हताच, आता जाणारा पैसाही हिशेबातून सुटला. त्याच सुमारास जयप्रकाशांनी निवडणूक सुधारणांसाठी एक समिती नेमली होती. अध्यक्ष होते आपले सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे. त्यांच्या समितीने १९७५ मध्ये सुचवलं की पक्षांनी पैसा कुठून आला आणि कुठे गेला याचे पूर्ण हिशेब ठेवावेत, ते तपासून घ्यावेत आणि थोडी फी भरून कोणालाही बघता यावेत. साधी, सरळ, स्वस्त सूचना. पन्नास वर्षं होऊन गेली.

आता ती तिसरी यादी.

१९८० मध्ये बॅ. अंतुले मुख्यमंत्री झाले. त्यांनी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ नावाचा एक ट्रस्ट काढला. कला-साहित्याला मदत वगैरे उद्देश. हा काही पक्ष नव्हता, तरी आपल्या विषयाचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणार नाही. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. बिल्डरला इमारत बांधायची तर सिमेंटचा कोटा सरकारकडून मंजूर करून घ्यायचा. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, घराला खोली वाढवायची तर दहा-वीस गोण्यांसाठी सुद्धा अर्ज आणि खेटे! आणि इकडे ट्रस्टकडे देणग्यांचा ओघ सुरू होता. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस अरुण शौरींनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये ही भानगड बाहेर काढली. मग मृणाल गोरे, पां. बा. सामंत वगैरे मंडळी हायकोर्टात गेली.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्यापुढे सुनावणी झाली. जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी निकाल दिला. मी तो वाचताना माझ्या डोळ्यांपुढे दोन कागद येत होते. एकावर कोणत्या बिल्डरला किती सिमेंट मंजूर झालं, कोणत्या तारखेला. दुसऱ्यावर कोणी ट्रस्टला किती दिले, कोणत्या तारखेला. दोन्ही शेजारी ठेवून न्यायमूर्तींनी म्हटलं की देणगी आणि सिमेंट यांचा संबंध उघड आहे. कॉम्प्युटर नाही, डेटाबेस नाही, सगळं कागदावर हाताने जुळवलेलं. अंतुल्यांनी राजीनामा दिला. त्यांच्यावरचा फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षं चालला, सुप्रीम कोर्टापर्यंत वर-खाली फिरला आणि शिक्षा काही झाली नाही, हेही सांगायला हवं. याद्या जुळल्या म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नसतं. पण याद्या जुळल्या म्हणून मुख्यमंत्र्याला उत्तर द्यावं लागलं, आणि ते पुरेसं ठरलं.

गंमत बघा, हे सगळं शक्य का झालं? देणग्या चेकने, ट्रस्टच्या नावाने, वहीत लिहून घेतल्या होत्या म्हणून. तोच पैसा ब्रीफकेसमधून गेला असता तर लेंटिनसाहेबांनी काय जुळवलं असतं?

१९८५ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने बंदी उठवली. पुन्हा पाच टक्क्यांची मर्यादा, पुन्हा पत्रकात पक्षाचं नाव. पण सोळा वर्षांत सगळ्यांनाच ब्रीफकेसची सवय लागली होती. देणाऱ्याला ती सोयीची (काळा पैसा खपतो), घेणाऱ्यालाही (हिशेब नाही). १९७९ पासून पक्षांना आयकरात पूर्ण माफी होती; अट एवढीच की हिशेब ठेवा आणि विवरणपत्र भरा. १९९६ मध्ये ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टात उघड झालं की अनेक पक्षांनी वर्षानुवर्षं विवरणपत्र भरलेलंच नाही. तुम्ही-आम्ही एक वर्ष उशीर केला तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच.

२००३ मध्ये वाजपेयी सरकारच्या काळात जरा बरा कायदा झाला. २०,००० रुपयांच्या वर देणगी देणाऱ्याचं नाव पक्षाने दर वर्षी निवडणूक आयोगाला कळवायचं. देणाऱ्याला आयकरात वजावट. म्हणजे पांढऱ्यात द्यायला थोडं आमिष, आणि यादी आयोगाकडे. पळवाट अर्थात पहिल्या दिवसापासून होती. वीस हजारांच्या आत कितीही पावत्या फाडा, नावं सांगायची गरज नाही. बहुजन समाज पक्षाने तर वर्षामागून वर्षं कळवलं की आम्हाला वीस हजारांच्या वर एकही देणगी मिळालेली नाही. आम्ही प्रोग्रॅम लिहितो तेव्हा अशा मर्यादेच्या अगदी काठावरच्या किमती आधी तपासतो, कारण चूक तिथेच असते. कायदा लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

२०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सांगितलं की सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात. काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, दोन्ही कम्युनिस्ट आणि बसप. एरवी हे सहा जण कशावरही एकमत होणार नाहीत, पण हा आदेश सहाही जणांनी मानला नाही. २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्हटलं की वेदांता समूहातल्या कंपन्यांकडून (त्यात आपल्या गोव्याची सेसा गोवाही आली) देणग्या घेऊन भाजप आणि काँग्रेस दोघांनीही परदेशी देणग्यांचा कायदा मोडलाय. यावर उपाय काय झाला? कायदाच बदलला. २०१६ मध्ये ‘परदेशी’ची व्याख्या २०१० पासून बदलली, आणि ते पुरलं नाही म्हणून २०१८ मध्ये थेट ऑगस्ट १९७६ पासून. बग सापडला तर प्रोग्रॅम दुरुस्त करतात; इथे बेचाळीस वर्षं मागे जाऊन तो बग नव्हताच असं ठरवलं.

आणि मग आले निवडणूक रोखे. १ फेब्रुवारी २०१७ च्या बजेटच्या भाषणात अरुण जेटलींनी घोषणा केली. कारण पटण्यासारखं होतं. रोखीतला पैसा बंद करायचाय, पण चेकने दिलं की नाव कळतं, विरोधकांना दिलं म्हणून सत्ताधारी सूड घेतील अशी भीती देणाऱ्याला वाटते. म्हणून बँकेतून पांढऱ्या पैशाने रोखा घ्या, त्यावर तुमचं नाव नसेल, तो पक्षाला द्या, पक्ष पंधरा दिवसांत वटवेल. त्याच वेळी रोखीची मर्यादा २०,००० वरून २,००० वर आणली. इथपर्यंत ठीक. पण सोबत आणखी तीन बदल झाले, ते बारीक अक्षरात. रोख्याने आलेल्या देणगीचं नाव पक्षाने आयोगाला कळवायची गरज नाही. कंपनीच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची (२०१३ पासूनची) मर्यादा रद्द, म्हणजे तोट्यातली कंपनीही कितीही देऊ शकेल. आणि पत्रकात पक्षाचं नाव लिहिण्याची अटही रद्द. तीच ती १९६० ची ओळ, पुसून टाकली.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१७ मध्येच हरकत घेतली होती. निवडणूक आयोगाने मे महिन्यात पत्र लिहून हे मागे नेणारं पाऊल आहे असं कळवलं. उपयोग झाला नाही. मार्च २०१८ पासून विक्री सुरू झाली, मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई इथल्या शाखांतून.

एप्रिल २०१८ मध्ये एका पत्रकार बाईंनी हजार-हजाराचे दोन रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासले. अतिनील प्रकाशात त्यावर एक छुपा क्रमांक दिसला. अर्थ मंत्रालयाने खुलासा केला की तो फक्त बनावट रोखे ओळखण्यासाठी आहे, बँक तो खरेदीदाराच्या नोंदीत लिहीत नाही. क्रमांकाशिवाय जुळवणी नाही, म्हणजे गुप्तता शंभर टक्के.

देणाऱ्याचं नाव घेणाऱ्यालाही माहीत नाही, हे नाटक किती रंगलं त्याचा एक नमुना. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या अंतरिम आदेशाप्रमाणे पक्षांना देणगीदारांची माहिती बंद पाकिटात द्यायची होती. संयुक्त जनता दलाने कळवलं की ३ एप्रिल २०१९ ला आमच्या पाटण्याच्या कार्यालयात कोणीतरी येऊन एक पाकीट दिलं, उघडून पाहिलं तर आत एक-एक कोटीचे दहा रोखे! दहा कोटी रुपये देऊन गेलेल्या माणसाचं नाव विचारायचं कोणाला सुचलं नाही. आमच्या सोसायटीत गणपतीची एकशे एक रुपये वर्गणी पावतीवर फ्लॅट नंबर टाकल्याशिवाय घेत नाहीत.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने योजना घटनाबाह्य ठरवली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, संजीव खन्ना, भूषण गवई, जमशेद पारडीवाला आणि मनोज मिश्रा. सूत्र असं, की पक्षाला पैसा कोण देतं हे कळणं मतदाराच्या माहितीच्या हक्काचा भाग आहे. कंपन्यांवरची मर्यादा काढणंही मनमानी ठरवून रद्द केलं.

पुढचं तुम्हाला आठवत असेल. ११ मार्चला कोर्टाने बँकेचा मुदतवाढीचा अर्ज फेटाळला. १४ मार्चला आयोगाने दोन याद्या प्रसिद्ध केल्या, क्रमांकाशिवाय. कोर्टाने पुन्हा सांगितलं, क्रमांकही द्या. २१ मार्चला क्रमांक आले, खरेदीदाराच्या नावापुढेही आणि पक्षाच्या नावापुढेही. म्हणजे २०१८ मध्ये जो क्रमांक कुठेच लिहीत नाही म्हणून सांगितलं होतं, तो दोन्हीकडे व्यवस्थित लिहिलेला होता!

होळीच्या त्या शनिवार-रविवारी मीही त्या पीडीएफ उतरवून घेतल्या. कोटीच्या, दहा लाखाच्या, लाखाच्या रोख्यांना वेगवेगळी आद्याक्षरं आणि पुढे आकडा; दोन्ही मिळून सामायिक किल्ली. पीडीएफचं टेबल करण्यात दोन तास गेले. जुळवणीला लागले काही सेकंद.

त्यातून काय दिसलं ते वर्तमानपत्रांत सविस्तर आलंय. फ्यूचर गेमिंग या लॉटरीच्या कंपनीने १,३६८ कोटींचे रोखे घेतले, हैदराबादच्या मेघा इंजिनिअरिंगने ९६६ कोटींचे. वटवणाऱ्यांत भाजप सहा हजार कोटींच्या पुढे, तृणमूल सोळाशे, काँग्रेस चौदाशे कोटींच्या पुढे. लॉटरी कंपनीचे सगळ्यात जास्त पैसे तृणमूल आणि द्रमुककडे गेले होते. म्हणजे जिथे ज्याची सत्ता तिथे त्याचा ओघ, हे चित्र केंद्रापुरतं नाही. काही कंपन्यांवर आधी ईडीचे किंवा आयकराचे छापे आणि मग रोख्यांची खरेदी, काहींची खरेदी आणि आसपास कंत्राट. योगायोग की सौदा? यादी ते सांगत नाही. कुठे चौकशी करायची एवढंच सांगते. विशेष पथकामार्फत चौकशीची मागणी कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये नाकारली.

आता सूडाच्या भीतीबद्दल. ती भीती खोटी आहे असं मला वाटत नाही. तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराने विरोधी उमेदवाराला उघड दहा हजार दिले तर त्याला त्रास होऊ शकतो. लहान देणगीदाराला झाकण हवंच, आणि ते वीस हजारांच्या मर्यादेने २००३ पासून दिलेलंच आहे. पण कोटीचा रोखा घेणाऱ्याचं नाव कोणापासून लपलं होतं? विकणारी बँक सरकारच्या मालकीची, क्रमांक दोन्हीकडे नोंदलेला. घेणारा पक्ष तर जाणूनच असणार. म्हणजे लपलं ते फक्त आपल्यापासून. जे. आर. डीं.नी नेमकं उलट केलं होतं. सांगून दिलं.

रोखे गेले म्हणून सगळं आबादीआबाद झालं का? नाही. आता मोठा ओघ निवडणूक न्यासांकडे वळलाय. २०१३ च्या योजनेप्रमाणे न्यास कंपन्यांकडून पैसे घेतो आणि वर्षभरात ९५ टक्के पक्षांना वाटतो. दोन्ही याद्या आयोगाकडे देतो, हे रोख्यांपेक्षा शंभर पटीने बरं. पण एकाच न्यासाने वीस कंपन्यांकडून घेऊन चार पक्षांना दिले, तर कोणाचे पैसे कोणाकडे गेले? सगळं पाणी एका टाकीत. याद्या दोन आहेत, किल्ली पुन्हा गायब.

आणि दुसरं, वेळेचं. पक्षांचा देणग्यांचा अहवाल आर्थिक वर्ष संपल्यावर, आयकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत द्यायचा असतो. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेचा प्रचार ऐन रंगात असताना दिलेली देणगी २०२४-२५ या वर्षात येते. तिचा अहवाल देण्याची वेळ येते २०२५ च्या पावसाळ्यानंतर. तोवर मतदान होऊन दीड वर्ष झालेलं. ब्रिटनमध्ये पक्षांना दर तीन महिन्यांनी मोठ्या देणग्या जाहीर कराव्या लागतात, आणि सार्वत्रिक निवडणुकीच्या काळात दर आठवड्याला. आपल्याकडे यूपीआयने भाजीवाल्याला दिलेल्या वीस रुपयांचा मेसेज दोन सेकंदांत येतो. ज्या देशाने ते करून दाखवलं त्याला हे जमणार नाही, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

मर्यादा किती टक्के असावी, निवडणुकीचा खर्च सरकारने करावा का, यावर वाद चालू द्यावेत. १९६० पासून त्यावर भरपूर समित्या झाल्या, आणखीही होतील. मला विचाराल तर मी एकच मागणी धरून ठेवीन. वीस हजारांच्या वरची प्रत्येक देणगी, देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख एकाच ओळीत, मतदानाच्या आधी. पैसा राजकारणात येणार, त्याला १९६९ च्या बंदीनेही अडवता आलं नाही. तो कोणाकडून आला हे मत द्यायला जाताना माहीत असावं, एवढंच. छागलांनी मुंबई हायकोर्टात बसून संसदेला सांगितलं होतं, त्यानंतर तीन वर्षांत ही ओळ कायद्यात आली होती. तेव्हा शाईने लिहून जमलं होतं.